वाढत्या नंबरचा गॉगल

आमच्या मोठ्या भाऊजींनी जन्मात एकही वस्तू वेळेवर घेतली नाही आणि एकही मापाची घेतली नाही, आणि तरीही आमच्या घराण्यात त्यांना विचारल्याशिवाय कोणी साधा कंगवा विकत घेत नाही. मोठे भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कंपनीत खरेदी खात्यात त्यांनी उभी हयात काढली. आता निवृत्त आहेत, ऐरोलीला एकटेच राहतात, आणि कंपनीने त्यांना सोडलं तरी खरेदी खात्याने काही सोडलेलं नाही. ते खातं आता आम्ही नातेवाईक मिळून चालवतो, म्हणजे ते चालवतात आणि आम्ही वाट बघतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मिक्सरचं भांडं फुटलं. मी नवीन आणायला निघाले तर सासूबाईंनी दारातच अडवलं. "थोरल्याला विचार हो आधी. त्याला त्यातलं कळतं." नवीन भांडं आलं तोवर मी पाट्यावर चटणी वाटायला शिकले होते आणि माहेरी माझं कौतुक चाललं होतं की पोरगी सासरी गेल्यावर किती सुधारली.

त्यांचा पहिला नियम असा की तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. कंपनीत याला तीन कोटेशनं म्हणत, आणि घरीही ते तोच शब्द वापरतात. एपीएमसी मार्केटात कांद्याची गोणी घ्यायला जातात आणि तीन गाळे फिरून, तिन्हीकडचा एकेक कांदा खिशात घालून घरी परततात, का तर तुलना निवांत बसून करता यावी. दुसऱ्या दिवशी भाव वर गेलेला असतो, मग तो उतरायची वाट बघणं आलं. तोवर आम्ही कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून गुपचूप अर्धा किलो आणतो आणि टरफलं कचऱ्याच्या अगदी तळाशी घालतो, कारण भाऊजी आले की आधी डब्यात डोकावतात. पुड्यातल्या मिठालासुद्धा "डिलिव्हरी कधी देणार?" असं विचारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या लग्नाचंही असंच झालं म्हणतात. तीन स्थळं सांगून आली होती आणि तिन्ही चांगली होती. भाऊजींनी तुलना करायला घेतली. शिक्षण, स्वभाव, हाताची चव, माहेर किती लांब. तुलना पुरी होईतो दोघींची लग्नं लागून गेली होती आणि तिसरीच्या घरून बारशाचं बोलावणं आलं. ते बारशाला गेलेसुद्धा. बाळाला झबलं नेलं होतं, ते त्याला बालवाडीत बसलं असणार.

कारण दुसरा नियम वाढत्या मापाचा. आता मुलांचे कपडे वाढत्या मापाचे घेणं ही काही भाऊजींची एकट्याची खोड नाही. आपल्याकडे सगळ्याच घरांत जूनमध्ये गणवेश असा घेतात की पोर त्यात शोधावं लागतं, आणि पायात बूट असा की चवड्याशी कापूस कोंबावा लागतो. पण इतरांच्या घरी ती काटकसर असते, भाऊजींच्या मनात ते धर्मकृत्य आहे. माझे सासरे गेले तेव्हा भाऊजी नुकते कॉलेजात जायला लागले होते. पाठीवर दोन भाऊ. त्यांनी कॉलेज सोडलं, नोकरी धरली आणि घरात येणारा प्रत्येक शर्ट तिघांना पुरला पाहिजे असा हिशेब सुरू केला. माझा नवरा त्यातला शेंडेफळ. त्याला कपडे आधी फार मोठे व्हायचे, मग काही दिवस विटके असायचे आणि मग एकदम आखूड व्हायचे. मापात बसलेला शर्ट त्याने पहिल्यांदा आमच्या लग्नात घातला, आणि तोही माझ्या वडिलांनी शिंप्याला घरी बोलावलं म्हणून. आजही दादाविरुद्ध मी शब्द काढला की त्याचा चेहरा बुटात कापूस कोंबलेल्या मुलासारखा होतो. बोचतं तर आहे, पण बोलायची सोय नाही.

हे सगळं मला ठाऊक आहे. नणंदा, चुलत सासवा, सगळ्यांनी मला ते शंभरदा सांगितलेलं आहे, आणि दर वेळी सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही यायचं. पण ज्याने भावांना वाढवलं त्याने पुतणीच्या डोळ्यांवरही आपले नियम चालवावेत, असं काही त्यातून निघत नाही. हे मी आज लिहिते आहे तेही राग शांत झाला म्हणून नव्हे. राग आहे तिथेच आहे. फक्त त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं आहे आणि त्याला उठवता येत नाही.

जुई माझी मुलगी. पहिलीत असताना तिला चष्मा लागला आणि दर वर्षी काचा जाड होत गेल्या. गेल्या उन्हाळ्यात ती नऊ वर्षांची होती. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेपाच, डाव्याचा उणे चार. मैदानात चेंडू लागून चष्मे फुटले, तेव्हापासून ती खेळायच्या वेळी कडेला बसायची आणि इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, धक्काबुक्कीचे खेळ नकोतच हिला, पोहायला घाला. आम्ही राहतो सानपाड्याला. जवळच एका क्लबचा तलाव आहे, तिथल्या उन्हाळी वर्गात तिचं नाव घातलं, आणि माझी बाटल्या सांभाळणारी मुलगी पाण्यात पडल्यावर निराळीच निघाली. तिथे चेंडू येत नव्हता, कोणी ढकलत नव्हतं, आणि हात-पाय तर तिचे लांब. आठवड्याभरात ती तरंगायला लागली आणि महिना व्हायच्या आत लहान तलावात सगळ्यांच्या पुढे. घरी आल्यावर पलंगावर पालथी पडून हात मारून दाखवायची.

एकच पंचाईत होती. चष्म्याशिवाय तिला काही दिसायचं नाही. पोहताना ती भिंतीवर डोकं आपटायची, आणि बाहेर आली की निथळत उभी राहून बाकावरच्या आयांकडे डोळे बारीक करून बघायची. कोणाच्या ओढणीचा रंग माझ्यासारखा वाटला की तिकडे चालायला लागायची. एकदा ती एका परक्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. त्या बाईने बिचारीने टॉवेलने तिचं डोकं पुसलं, आणि आवाज ऐकल्यावर जुईला कळलं की ही आई नव्हे. मी दोन हातांवर होते. तिने मान इकडून तिकडे फिरवली, आणि माझ्या अंगावरून तिची नजर सरळ पुढे निघून गेली. आपलं मूल आपल्याकडे बघतंय आणि आपण त्याला दिसत नाही, हे एकदा अनुभवलं की पुन्हा तलावाच्या बाकावर निवांत बसता येत नाही.

उन्हाळा संपायच्या आधी मोठ्या तलावात जायची परीक्षा असायची. जुईच्या वर्गातल्या साऱ्या मुली ती देणार होत्या आणि हिने तर जेवताना, झोपताना तेवढंच धरलं होतं. पोहायला शिकवणारा मुलगा जवळच्याच गावातला, चांगला होता, जिवापाड शिकवायचा. त्याने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, पोरगी मस्त पवते. पन मी हात करतो तो तिला दिसतच नाय. मोठ्या पान्यात अशी कशी सोडू? नंबरवाला गॉगल भेटतो बघा पवायचा, तो घ्या. मंग टेन्शन नाय."

मी त्याच संध्याकाळी वाशीला जाणार होते. पायात चपलासुद्धा घातल्या होत्या. नवरा म्हणाला, "जाऊया ना. दादाला एकदा विचारतो फक्त." या 'फक्त'वर आमच्या घरात आजवर दोन फ्रिज, एक सोफा आणि एक पुण्याचा फ्लॅट गेलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी हजर. येताना शिंप्याची टेप आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आले होते. म्हणाले, "आधी पाण्यात काच कशी वागते ते समजून घेतलं पाहिजे. त्याशिवाय दुकानदाराशी बोलायचं काय?" मग त्यांनी न्हाणीघरात बादली भरली, तळाशी स्टीलची वाटी ठेवली आणि स्वतःचा चष्मा लावून आपलं टक्कल त्या बादलीत खुपसलं. वाटीवर माझ्या आत्याचं नाव कोरलेलं आहे, ते वाचता येतं का हे बघायचं होतं. दम संपला की वर यायचे, चष्म्यातून पाणी गाळायचे आणि सांगायचे, "आडनाव लागलं. नाव अजून नाही." जुई हसून हसून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर लोळत होती. तिने स्वतःही डोकं घालून बघितलं. मग दोघं आळीपाळीने डोकी बुडवत बसली. मला त्या दिवशी भाऊजींचं फार कौतुक वाटलं होतं, हेही लिहून टाकते. तिच्या चष्म्याचा कोणी खेळ केलेला तिने पहिल्यांदा बघितला होता. एरवी चष्मा म्हणजे डॉक्टर, थेंब आणि माझा पडलेला चेहरा.

मग त्यांनी दोऱ्याने तिच्या तोंडाचं माप घेतलं. या कानापासून त्या कानापर्यंत, दोन भुवयांमधलं, नाकाच्या दांडीचं. प्रत्येक मापाला दोन बोटं सोडून गाठ मारली. मी विचारलं, "दोन बोटं कशाला?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भाकरीला पाणी कशाला असं विचारलं होतं.

वाशीच्या दुकानदाराने सांगितलं, काका, मुलीला घेऊन या. हा गॉगल तोंडावर बसवून बघावा लागतो, पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबला तरी क्षणभर चिकटून राहिला पाहिजे, नाहीतर पाणी शिरतं. आणि नंबर चष्म्यापेक्षा तसूभर कमी दिला तर चालेल, जास्त मुळीच नको. भाऊजींना हा माणूस उद्धट वाटला. नेरूळच्या दुकानदाराने तेच सांगितलं, तेव्हा या दोघांचं साटंलोटं आहे अशी त्यांची खात्री झाली. तिसरं कोटेशन काढायला ते कुठे कुठे फिरले देव जाणे. मे महिना उतरत चालला होता, जुई भिंतीवर डोकं आपटतच होती, आणि मी रोज विचारायचे तर उत्तर एकच, "घाई केली की खरेदी फसते." शेवटी त्यांना एक दुकान सापडलं. तिथल्या माणसाने एवढंच विचारलं, "काका, कितीचा टाकू?" ऑर्डर त्याला मिळाली.

गॉगल आला तो पेढ्यांसकट. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डबी देवापुढे ठेवून, हळदकुंकू लावून मग जुईच्या हातात दिली. निळा गॉगल होता, सुंदर होता, आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडाला अगदी बरोबर बसला असता.

"मोठ्यांच्या मापाचा घेतला," भाऊजी म्हणाले. "आणि नंबर उजवा सात, डावा साडेपाच."

मला वाटलं त्यांच्या बोलण्यात चूक झाली. "भाऊजी, तिचा उजवा साडेपाच आहे. डावा चार."

"आज आहे," ते शांतपणे म्हणाले. "दर वर्षी वाढतोय तो. वाढणार हे दिसतंय तर वाढता नको का घ्यायला? दर उन्हाळ्याला नवा घेत बसायचं काय?"

"डोळे आहेत हो ते. परकर-पोलकं नव्हे."

नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. आमच्या घरात अशा वेळी सगळे पुरुष पंख्याकडे बघतात. जुईने गॉगल चढवला. कपाळापासून गालांपर्यंत आला तो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोत्यात नाकच हरवलं होतं. तिने आमच्याकडे, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा काकांकडे बघितलं आणि म्हणाली, "मस्त दिसतंय, काका." भाऊजींनी स्वतःच्या हाताने तिला पेढा भरवला.

दादाने आणलेली वस्तू परत करायची नाही, हा आमच्या घरचा न लिहिलेला कायदा. तो मोडायची माझी तयारी होती. मी जुईला एकटीला गाठून म्हटलं, चल, आपण दोघी जाऊन तुझ्या मापाचा घेऊ. ती म्हणाली, "नको. काकाला वाईट वाटेल. आणि मला दिसतंय खरंच." मग मी काय करणार? जिच्या डोळ्यांवर घालायचा तीच दिसतंय म्हणते, नवरा म्हणतो वापरून तर बघू दे, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

त्यानंतर भाऊजी रोज सकाळी ऐरोलीहून बस पकडून तलावावर यायला लागले. सोबत एक पिशवी. तिच्यात कापूस, इलॅस्टिक, चिकटपट्टी, सेफ्टी पिना आणि भांडी घासायच्या नव्या स्पंजच्या कापलेल्या पट्ट्या. गॉगलच्या कडेने त्या पट्ट्या बसवून ते तिच्या डोक्यामागे पट्टा आवळायचे, आणि ती पाण्यात गेली की काठावरून ओरडायचे, "उजवीकडून गळतोय का बघ. पट्टा आवळ." बाकीच्या आया तोंडाला पदर लावायच्या. एकीने मला विचारलं, "ते मोठे कोच आहेत का?" मी म्हटलं, "हो, खरेदीचे." जुई मात्र त्यांच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायची. घरी येताना तिचे डोळे लाल असायचे, डोकं दुखायचं, आणि नवरा म्हणायचा क्लोरीन असेल. मला पटत नव्हतं. पण ती भिंतीवर आपटायची बंद झाली होती हे खरं होतं. अगदी भिंतीशी येऊन हात टेकायची आणि वळायची. दिसत नसतं तर जमलं असतं का, असं मी मनाची समजूत घालायला म्हणायचे.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या तलावाच्या काठावर सगळे आईबाप जमले होते. जुईचा नंबर आला. तिने सूर छान मारला, अर्ध्यापर्यंत सरळ गेली, आणि मग डावीकडे वळायला लागली. मधल्या दोरीखालून पलीकडच्या रांगेत शिरली आणि तिथून येणाऱ्या मुलाच्या अंगावर आदळली. नाकातोंडात पाणी गेलं. खाली पाय टेकायला जमीन नव्हती. तिचे हात नुसते वरच्यावर फिरत होते आणि दोरी वीतभर अंतरावर होती, ती तिला सापडत नव्हती. पोहायला शिकवणाऱ्या मुलाने उडी टाकली. भाऊजी बुटांसकट काठापर्यंत धावले होते आणि ओरडत होते, "पट्टा आवळ, जुई, पट्टा आवळ."

तिला वर काढलं तेव्हा गॉगल पाण्याने भरलेला होता, आणि त्याच्याआड तिचे डोळे घट्ट मिटलेले. समोरच्या काही मुली हसल्या. घाबरलेलं मूलसुद्धा कधी कधी हसतं, पण ते जुईला कोण समजावणार?

"मॅडम, ही डोले मिटून पवते," तो मुलगा धापा टाकत मला म्हणाला. "आताची नाय ही सवय, आज कललं मला. भिंत कवा येनार ते हात मोजून पाठ केलेलं हाय तिनं. लहान तलाव होता म्हनून चाललं."

मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि विचारलं. तिने टॉवेलात तोंड लपवलं. मग म्हणाली, "पाणी यायचं आत. आणि पाणी नसलं की सगळं बारीक बारीक दिसायचं, गरगरायचं. मिटलेले बरे वाटायचे."

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

तिने भाऊजींकडे बघितलं. ते पाठमोरे उभे राहून रुमालाने गॉगल पुसत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "काका रोज ऐरोलीहून येतात ना."

भाऊजी वळले. त्यांना ते ऐकू आलं होतं की नाही मला माहीत नाही. गॉगल डबीत ठेवत ते म्हणाले, "हरकत नाही. पुढच्या वर्षी बरोबर बसेल."

मग मात्र मी त्यांना सोडलं नाही. सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, भाऊजी, पुढच्या वर्षीचं मला सांगू नका, माझ्या मुलीला आज दिसायला पाहिजे होतं. तुमच्या काटकसरीवर भाऊ वाढले असतील, पण काटकसरीला हात-पाय फुटून ती आता माझ्या पोरीला बुडवायला निघाली आहे. आणखीही बरंच बोलले, आणि त्यातला एक शब्दही मला आज मागे घ्यावासा वाटत नाही. ते ऐकत उभे राहिले. पिशवीतून ओल्या पट्ट्यांचं पाणी त्यांच्या बुटावर ठिबकत होतं. मग त्यांनी जुईच्या डोक्यावर हात ठेवला आणि बस पकडायला निघून गेले.

त्याच आठवड्यात मी जुईला वाशीला नेलं. दुकानदाराने तिच्या डोळ्यांवर तीन-चार गॉगल दाबून बघितले, एक चिकटून राहिला, त्यात तिच्या नंबरच्या काचा बसवायला सांगितल्या, संपलं. बैल गेला आणि झोपा केला. नवा गॉगल आला तेव्हा तिने तो लावून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचून दाखवल्या, मला खूश करायला. पण तलावावर काही ती आली नाही. नेते म्हटलं की पोटात दुखायचं. मोठ्या तलावात उतरलेल्या मैत्रिणी संध्याकाळी ओले केस घेऊन खाली खेळायला यायच्या तेव्हा ती वरच थांबायची. पुढे पावसाळा लागला, शाळा सुरू झाली आणि पोहणं हा शब्दच आमच्या घरातून गेला. भाऊजी काही दिवस आले नाहीत. मग एका रविवारी कांद्याची पिशवी घेऊन दारात उभे राहिले, जसं काही झालंच नव्हतं. जुईने त्यांना आत ओढलं. मी पाणी दिलं. त्यांनी कचऱ्याच्या डब्यात डोकावून बघितलं नाही, एवढाच फरक.

या वर्षी एप्रिलमध्ये डोळ्यांच्या तपासणीची वेळ आली. भाऊजी म्हणाले, मीही येतो. मी नको म्हणणार होते, पण जुईने आधीच हो म्हटलं होतं. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत एकेक काच बदलत तिला अक्षरं वाचायला लावली. बराच वेळ लागला. मग त्यांनी दिवा लावला आणि आमच्याकडे न बघता सांगितलं, उजवा सात, डावा सव्वापाच. एका वर्षात एवढा वाढणं बरं नाही, आता थेंब वाढवावे लागतील, पडद्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी लागेल. ते बोलत होते आणि मी भाऊजींकडे बघत होते. गॉगल बरोबर निघाला होता. डाव्या डोळ्यात तर पाव नंबरची सोय अजून शिल्लक होती. साऱ्या नोकरीत त्यांचा अंदाज इतका अचूक कधी उतरला नसेल.

बाहेर पडल्यावर आम्ही रसवंतीपाशी थांबलो. जुई यंत्रात ऊस जाताना बघत पुढे उभी होती. भाऊजींनी ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"मंजिरी," ते मला म्हणाले, "ही एक खरेदी माझी चुकायला पाहिजे होती गं."

मी त्यांच्या हातातून ग्लास घेऊन टेबलावर ठेवला. त्या घटकेला मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस जन्मभर प्रत्येक वस्तू दोन बोटं मोठी घेत आला तो वाढीच्या भरवशावर नव्हे, धास्तीने. जे काही वाईट व्हायचं आहे त्याचं माप आधीच घेऊन ठेवलं की ते आल्यावर निदान घालायला काहीतरी असेल, एवढीच त्यांची अक्कल. त्या अकलेने माझ्या मुलीचं पाणी तोडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एक खरी आहे म्हणून दुसरी मला माफ करता येत नाही.

घरी आल्यावर ते जुईच्या शेजारी बसले. म्हणाले, "आता नीट बसेल बघ तो निळा गॉगल. येतेस का तलावावर? मी काठावर ओरडणार नाही."

जुईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "काका, मला आता पोहायचं नाहीये."

"मग दुसरं काय हवं तुला? तू फक्त सांग. आजच्या आज आणतो. समोर दिसेल त्या दुकानातून."

हे वाक्य या घरात आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं. नवऱ्याने पंख्यावरची नजर खाली आणली. जुईने खरोखर विचार केला. चष्मा काढून फ्रॉकला पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाली, "काहीच नको." या वेळी ती त्यांचं मन राखायला बोलत नव्हती. तिला खरंच काही नको होतं.

भाऊजी "बरं" म्हणाले. मी चहा टाकला, त्यांनी तो बशीत ओतून घेतला, आणि त्या दिवशी ते रोजच्यापेक्षा लवकर ऐरोलीला गेले.